यंत्र मोकळं व्हावं म्हणून

इस्पितळातल्या टेलिफोनवाल्याला सगळे भोंगा म्हणत आणि त्याला त्याचा रागही येत नसे. आवाजच तसा होता. तो फोनवर बोलू लागला की मधे तार कशाला हवी, असं डॉक्टर चिडवायचे. जिन्याखालच्या त्याच्या खोलीत एक टेबल, फोनच्या बटणांची पाटी, भिंतीवर क्रूस आणि टेबलावर एक माइक. इस्पितळ धर्मभगिनींचं, म्हणजे सिस्टरांचं. रोज संध्याकाळी सगळ्या वॉर्डांतल्या कर्ण्यांवरून प्रार्थना व्हायची, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांनाही ऐकू जायची. ती सांगायचं काम वर्षानुवर्षं भोंग्याकडे.

प्रार्थनेत तो विनंत्या घालायचा, आणि त्या मोघम नसायच्या. ‘सर्व आजाऱ्यांसाठी’ म्हणून हात झटकणं त्याला पटत नसे. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना आज तरी लघवी होऊ दे, असं त्याने एकदा भर कर्ण्यावरून देवाला सांगितलं होतं. फादर तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाले. आजोबांना लघवी झाली. त्यानंतर भोंग्याला अडवायची कुणाची छाती होती!

घरात तो आणि त्याची ताई, एवढीच माणसं. आई गेली तेव्हा तो रांगत होता. ताईने शाळा सोडली, मशीनवर गणवेश शिवायला बसली आणि त्याला वाढवलं. लग्नाचा विषय निघाला की ‘आधी हिचं’, ‘आधी ह्याचं’ करत दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत, आणि तसंच राहून गेलं. दोघांनाही त्याचं फार काही वाटत नव्हतं, असं ती म्हणायची तरी.

मग ती साथ आली. खाटा भरल्या, व्हरांडे भरले, आणि श्वासाची यंत्रं होती तेवढीच राहिली. डॉक्टर मोठ्या सिस्टरांशी भांडले. मोठ्या सिस्टर म्हणजे इस्पितळाच्या सर्वेसर्वा, साठीच्या, बारीक अंगाच्या, शब्दाला पक्क्या.

“म्हाताऱ्यांची काढून तरण्यांना लावू द्या,” डॉक्टर म्हणाले. “हिशेब सरळ आहे.”

“वय बघून माणूस हलका-भारी होत नाही. ज्याला गुण येतोय त्याचं काढून घ्यायचं नाही. मोकळं झालं की ज्याला खरी निकड आहे आणि ज्याला उपयोग होईल, त्याला.”

“तुमचा धर्म सांभाळता सांभाळता माझी तरुण माणसं जातायत, सिस्टर.”

“जातायत. मला दिसत नाही का?” सिस्टर म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

ताईलाही साथीने गाठलं. तिला एक यंत्र मिळालं ते तिच्या नशिबाने; ती आली त्याच सकाळी एक मोकळं झालं होतं. कसं मोकळं झालं, हे भोंग्याने विचारलं नाही. त्याने फक्त देवाचे आभार मानले.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी व्हरांड्यात एक ओली बाळंतीण येऊन पडली. नवरा बस चालवणारा. त्याला आत सोडत नव्हते म्हणून तो फाटकापाशी उभा असायचा. बाळ आजीकडे. भोंगा दर तासाला खोलीतून बाहेर येऊन त्या पोरीची धाप ऐकायचा. त्या संध्याकाळी माइकसमोर बसून त्याने अगदी मनापासून मागितलं, “व्हरांड्यातल्या बाळंतिणीसाठी. तिचं लेकरू घरी दुधावाचून रडतंय. प्रभू, तिला श्वासाचं यंत्र मिळू दे.”

प्रार्थना संपते न संपते तोच मोठ्या सिस्टर दारात. त्यांना इतकं संतापलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“तू काय मागितलंस, कळतंय का तुला? सगळी यंत्रं लागलेली आहेत. एक मोकळं व्हायचं म्हणजे कुणीतरी जायला हवं. आणि ते सगळे खाटांवर पडून ऐकत होते!”

त्या सगळ्यांत आपली ताई आहे, हे भोंग्याच्या आत्ता ध्यानात आलं. एवढा मोठा आवाज देवाने दिला, त्यासोबत थोडा पोच दिला असता तर!

सिस्टरांना ज्याची भीती होती, सकाळी तेच झालं. यंत्रावरच्या तिघांनी, त्यांत ताईही होती, नर्सला खुणेने बोलावून सांगितलं, आमचं काढा, त्या पोरीला लावा. मोठ्या सिस्टरांनी तिघांनाही साफ नाही म्हटलं. “लाजेपोटी दिलेलं मी घेणार नाही,” म्हणाल्या. मग स्वतः प्रत्येक खाटेपाशी बसून समजावलं, तुमच्याकडे कुणी काही मागत नाही, तुम्ही कुणाचं काही देणं लागत नाही, बरं व्हा आणि घरी जा. दोघांनी सुटकेने डोळे मिटले. ताई मात्र हटेना. दुपारी पुन्हा विचारलं, तरी तेच.

सिस्टरांनी भोंग्याला बोलावून घेतलं. डॉक्टर म्हणत होते, ताईला उतार पडतोय, आणखी थोडे दिवस धीर धरला तर उठेल. आत्ता काढलं तर सांगता येत नाही.

“तिच्यावर हे कुणी लादू शकत नाही, मीही नाही आणि तूही नाही,” सिस्टर म्हणाल्या. “पण तिने समजून-उमजून, प्रेमाने द्यायचं ठरवलं, तर ते अडवण्याचा हक्क मला आहे का, हेच कळेना झालंय. मघापासून गुडघे टेकून देवाला तेच विचारतेय. जा, बोल तिच्याशी. खरं तेच बोल.”

त्याला झगा, मुखपट्टी, हातमोजे चढवले. आत ताई मास्कखाली केवढीशी झाली होती. नर्सने मास्क जरा सैल केला तेव्हा ती तुटक तुटक बोलली.

“ऐकलं मी. छान सांगितलंस.”

“ताई, माझं चुकलं. मी मूर्ख आहे.”

“मूर्ख तू आहेसच.” ती हसली, मग धाप लागली. “पण त्यामुळे नाही रे. मला द्यावंसं वाटतंय. आयुष्यभर मोजूनमापून कापड कापलं. एकदा सढळ हाताने... तू हो म्हण. तू हो म्हणालास की मी निवांत.”

“आणि नाही म्हणालो तर?”

“तर राहीन. तुला रडवून नाही जायची.”

त्याने फक्त एक शब्द बोलायचा होता. व्हरांड्यातली धाप बंद दारातूनही त्याला ऐकू येत होती, निदान त्याला तसं वाटलं. त्याने ताईचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या भल्यामोठ्या आवाजाचा माणूस जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, “नाही. मला कुणी नाही ताई. राहा.”

“बरं,” ताई म्हणाली, आणि नर्सने मास्क पुन्हा घट्ट केला.

बाळंतीण त्याच संध्याकाळी गेली. कुठलंच यंत्र मोकळं झालं नाही.

मोठ्या सिस्टर जिन्याखाली त्याच्या खोलीत आल्या, स्टुलावर बसल्या. “तू पाप केलं नाहीस,” म्हणाल्या. “जे तिचं होतं तेच तिच्याकडे राहिलं. तू कुणाचं हिसकावलं नाहीस.”

“मग सिस्टर, मला असं का होतंय?”

“मलाही होतंय,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बसवाला मृत्यूचा दाखला घ्यायला आला, तो भोंग्याच्या खिडकीशी थांबला. त्याने ती प्रार्थना फाटकातून ऐकली होती. “एवढ्या गर्दीत तुम्ही तिच्यासाठी मागितलंत,” तो म्हणाला. “आभार मानायचे होते.” भोंग्याला मान वर करता येईना. तो माणूस गेल्यावरही खिडकीच्या कठड्यावर त्याच्या हातांचे ओलसर ठसे होते, ते पुसायचं त्याच्या जिवावर आलं.

ताई बरी होऊन घरी आली. अंगात त्राण नव्हतं, तोंडाला चव नव्हती. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. भोंगा मऊ भात करायचा, चमच्याने कालवून द्यायचा, आणि ती विचारेल म्हणून जीव मुठीत धरून बसायचा. ती विचारत नव्हती. मग एका दुपारी, ताट सरकवता सरकवता, तिने विचारलंच.

“त्या पोरीला मिळालं का रे दुसरं?”

खोटं बोलावं असं त्याच्या जिभेवर आलं होतं. “नाही, ताई. ती त्याच संध्याकाळी गेली.”

“आणि बाळ?”

“आजीकडे. मुलगी आहे.”

ताई ताटातल्या भातावरून बोट फिरवत राहिली. रागावली असती, रडली असती, तर त्याला हायसं वाटलं असतं.

“त्या दिवशी मी तुला विचारायलाच नको होतं,” ती शेवटी म्हणाली.

मग तिने सरकवलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं आणि खाऊ लागली. डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही. ताट रिकामं झालं तेव्हा तिने ते त्याच्यासमोर धरलं.

“वाढ,” ती म्हणाली.