पातेल्यातली कलेजी

"झाकण काढ," काकू म्हणाल्या.

आईनं पातेल्यावरचं झाकण काढलं. आत कलेजी होती, नुकतीच शिजलेली. काकूंनी ओढणी नाकाला लावली. "सुमन, माझ्या घरात हे? बिल्कुल चालणार नाही. बाहेर नेऊन ओत."

घर म्हणजे गुडगावच्या नव्या सेक्टरातली त्यांची कोठी, म्हणजे बंगला. मागच्या खोलीत आम्ही. बाबा मानेसरच्या कारखान्यात, आई काकूंकडे धुणीभांडी करायची. काकू पुण्याच्या. परमुलखात आपली मराठी माणसं भेटली म्हणून आईला केवढं अप्रूप. या आपल्या माणसांनी तिला स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकू दिलं नाही. भांडी मागच्या नळावर घासायची.

मी तेव्हा नववीत होते. पाळी आली की आठवडा उलटला तरी थांबायची नाही. आईनं विश्वासानं काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमच्यात खाणंच उष्ण ना. अंडी-मटण बंद कर. पोरीला सोमवार-गुरुवार उपास धरायला लाव."

शिकलेली बाई सांगतेय म्हटल्यावर आई कशाला वाद घालते. मी चहा-बिस्किटावर दिवस काढले. रक्त जातच राहिलं. जिना चढताना धाप लागायची. एक दिवस शाळेत प्रार्थनेला उभी होते, तिथंच कोसळले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझी पापणी खाली ओढून बघितली आणि आईवर खेकसल्या. "बच्ची में खून बचा ही नहीं है. उपवास किसने करवाया? दाल, पालक, अंडा, कलेजी, सब खिलाओ. गोली भी रोज़."

म्हणून ती कलेजी.

आई पातेलं उचलून ओतायला निघालीच होती. शेजारच्या गच्चीवरून बायका बघत होत्या. मला लाज वाटली. मग त्या लाजेचीच चीड आली. लाज मी का बाळगायची? उपाशी मी राहिले होते. पडले मी होते.

मी आईच्या हातातून पातेलं घेतलं. दारातच बसले आणि खाल्लं. जीभ पोळली तरी खाल्लं, काकूंकडे बघत.

"निर्लज्ज आहे पोरगी."

"तुमचं ऐकूनच पडले मी, काकू."

संध्याकाळी बाबा म्हणाले, "माफी माग. खोली जाईल." मी नाही म्हणाले. खोली गेली.

दुसरी शोधायला निघालो, तर पहिल्याच दारात घरमालकानं विचारलं, "नॉनवेज तो नहीं बनाते?" आईनं मान खाली घातली. मी म्हटलं, "बनाते हैं." त्यानं दार लावून घेतलं. पुढच्या दारातही मी तेच सांगितलं. आई माझ्यावर चिडली, रडली. मी बदलले नाही.

पाळी महिन्याभरात सुधारली नाही. गोळ्या, डाळ, पालक, अंडी, फार दिवस लागले. आजही कुणी वयात आलेल्या पोरीला म्हणतं, उष्ण पडेल, खाऊ नको, की माझं डोकं फिरतं. मी तिथंच बोलते, चारचौघांत. उद्धट म्हणतात. म्हणोत.

माफी मी तेव्हा मागितली नाही, आजही मागणार नाही. रक्त माझ्या अंगातून जातं. ते भरून काढायला मी काय खायचं, हे कुठलीही मालकीण ठरवणार नाही.