वेणीची रांग

सांगलीतल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात प्रार्थनेला जाताना दोन वेण्या, लाल रिबिनी आणि सरळ भांग लागतो. मी तिथली रेक्टर, म्हणून या नियमाच्या शिव्या मलाच बसतात. वेण्या घालायची पद्धत मात्र मुलींनीच पाडलेली. सकाळी व्हरांड्यात सगळ्या एकीमागे एक बसतात आणि प्रत्येकजण पुढचीचे केस विंचरते. सगळ्यांत पुढे दहावीची संयोगिता, इस्लामपूरच्या बागायतदाराची लाडकी लेक. तिची वेणी दुसरी घालते, हिचे हात रिकामे. सगळ्यांत मागे नवी मुलगी. तिच्या मागे कोणीच नाही.

यंदाची नवी मुलगी म्हणजे मेढ्याची माया. आठवीत आली आणि तिच्यानंतर कोणी आलंच नाही, त्यामुळे रांगेचं शेपूट तिच्याच गळ्यात पडलं. पुढचीची वेणी ती अशी घट्ट घालायची की संध्याकाळपर्यंत एक केस सुटू नये. स्वतःची मात्र हातानं चाचपत घालायची. मागचा भांग कुणाला स्वतःला दिसलाय का?

प्रार्थना रविवारीही असते आणि ती शाळेतले खेळाचे सर घेतात. एकदा ते तिच्या मागे थांबून म्हणाले, "हा भांग आहे का तुमच्या मेढ्याचा घाट?" सगळा हॉल हसला. सरांना तो विनोद इतका आवडला की त्यांनी तो रोज चालवला. गणितात पुढे असणारी माया वर्गात हात वर करेनाशी झाली. जेवताना भाजी कमी पडली तरी मागायची नाही.

एका शनिवारी ती माझ्या खोलीत आली. रिबिनी मागायला आलेली संयोगिता तिथंच उभी होती.

"ताई, मला बॉयकट करायचाय. आई व्हय म्हणली."

"अगं, कमरेपर्यंत केस तुझे! कशाला कापतेस?"

"माझ्या मागं कोण बसत न्हाई," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, ताप आलाय असं सांगावं तसं.

मी एरवी तोंडाची फटकळ, पण तेव्हा, "उद्या दुपारी जाऊ," एवढंच बोलले. संयोगिता रिबिनी न घेताच गेली.

रविवारी सकाळी व्हरांड्यात संयोगिताचा आवाज चढला होता. "ए, सरका गं! रांग वाकवा. अजून वाकवा!" रांग वळत वळत गोल झाली आणि शेवटची माया संयोगिताच्या पुढ्यात आली. संयोगितानं फणी घेतली. पण जन्मात कुणाची वेणी घातली असेल तर शपथ! एक वेणी कानावर, दुसरी मानेवर, आणि भांग तर पहिल्यापेक्षा वाकडा. माया डोळे मिटून बसली होती.

प्रार्थनेला सर तिच्या मागे थांबले. "आज तर घाटाला जास्तच वळणं!"

माया वळली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं मान वर केली होती.

"सर, ही मी न्हाई घातली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आमच्या संयोगिताताईनं घातलीया."

दुपारी केस कापायला निघायचं म्हणून मी चप्पल घालून मायाला हाक मारली. माया व्हरांड्यात बसली होती आणि संयोगिताला तीन पेड कसे धरायचे ते शिकवत होती, स्वतःच्याच केसांवर.