न वाजलेले फोन

सून ओट्यावर बसून माझ्या फोनातले नंबर एकेक करून वाचत होती. पायातली चप्पल काढली नव्हती, खांद्यावरची पिशवी उतरवली नव्हती.

"हा ट्रॅक्टरवाल्याचा. हा टोळीतल्या एका बाईचा. हा चहाच्या टपरीवरचा, तिथून दोनदा केलता. हा मुकादमाचा. हा कुणाचा ते मला बी म्हाईत न्हाई, रस्त्यानं चाललेल्या माणसाला थांबवून मागितलता."

तिचा आवाज चढलेला नव्हता. नंबर संपत नव्हते. माझी नात, सात वर्षांची, दाराची चौकट धरून उभी होती आणि सगळं ऐकत होती. माझ्या पुढ्यात डाळीचं ताट होतं. डाळीत खडा दिसत होता, पण उचलायला हात जाईना.

शेवटी सुनेनं फोन खाली ठेवला. "आत्या, ह्यातला एक बी फोन तुमाला ऐकू आला न्हाई?"

"वाजलाच नाही," मी म्हणाले.

ते खरं होतं. पण त्याच्या थोडं आधी ती जीपमधून उतरून अंगणात आली होती. चेहरा काळा पडलेला, हातावर उसाच्या पात्यांनी कापल्याच्या रेघा. "आत्या, बऱ्या हाव ना? पोरगी कुठंय?" असं तिनं दारातून विचारलं, तेव्हा मी मान वर न करता म्हणाले होते, "आली का आठवण?"

हे मी लिहून ठेवते आहे, कारण गावात सांगताना मी ते वाक्य नेहमी गाळते.

आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला निघून जातं. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. माझा मुलगा आणि सून हा एक कोयता. आधीची दोन वर्षं नात त्यांच्याबरोबर उसाच्या फडात गेली, पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहिली आणि शाळेत मागं पडली. या साली ती दुसरीत गेली, तेव्हा सुनेनं ठरवलं की पोरगी आता शाळा सोडणार नाही, आजीपाशी राहील. सून दहावी झालेली आहे. मी चौथीपर्यंत गेले, पुढं गेले नाही. मी हो म्हणाले. पोरीची मला फार हौस होती असं नाही, पण नाही म्हणायला कारणही नव्हतं.

निघायच्या दिवशी सून माझ्याजवळ बसली आणि माझा फोन नीट करून दिला. अक्षरं मोठी केली. आवाज पूर्ण वर नेला. मग एक बटण दाखवलं. ते चालू असलं तर अनोळखी नंबरचा फोन आला तरी वाजत नाही, गप्प राहतो. "हे बंद ठेवायचं, आत्या. फडात चार्जिंग मिळंल न मिळंल. मी कुणाच्या बी फोनवरून लावीन." मी माझ्या बोटानं ते बटण बंद केलं. तिनं माझ्याकडून दोनदा करून घेतलं.

उठता उठता ती म्हणाली, "अन् पोरीला मारू नका."

ते मला झोंबलं. माझा हात उठतो, नाही असं नाही. पण ट्रॅक्टरमध्ये चढणारी माणसं ऐकत होती. मी ते मनात ठेवलं.

पहिला महिना ठीक गेला. दिवे लागायच्या सुमाराला फोन यायचा. आमच्या घरात रेंज फक्त ओट्यावर मिळते, म्हणून पोरगी तिथं फोन मांडीवर घेऊन बसायची. कधी त्यांचा स्वतःचा नंबर असायचा, कधी दुसऱ्याच कुणाचा. पोरगी माझ्या तक्रारी सांगायची. "मम्मी, आजी डोकं विंचरताना लई ओढती. आज बी पिठलंच केलतं." मी आतून ओरडायचे, "सांग, सांग, उद्या उपाशी ठिवते." तिकडून सून हसलेली मला ऐकू यायची.

मग ते अपडेट आलं. फोन रोज विचारायचा, करू का. मी रोज 'नंतर' दाबायचे. एका दुपारी कंटाळा आला आणि 'हो' दाबलं. फोन बराच वेळ काळा पडून राहिला. उघडला तेव्हा अक्षरं बारीक झाली होती आणि घड्याळ दुसऱ्या कोपऱ्यात गेलं होतं. मी त्या अक्षरांना शिव्या घातल्या. अक्षरं न विचारता बदलली, तर आणखीही काही बदललं असेल, एवढं डोक्यात आलं नाही. शेजारी कुणाला तरी दाखवता आलं असतं. पण मला फोन चालवता येतो असं मी सगळ्यांना सांगून बसले होते, म्हणून दाखवला नाही.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या नंबरवर लावला, तर तो बंद होता. तो फोन त्याच सुमाराला पाटाच्या पाण्यात पडून गेला होता, हे मला पुढं कळलं. त्या टोळीत आमच्या गावचा हा एकच कोयता, बाकी माणसं दुसऱ्या तालुक्यातली. त्यामुळं कुणाला विचारायचं ते कळेना. खरं सांगायचं तर मी फार विचारायला गेलेही नाही.

फोनवर वरच्या बाजूला न उचललेल्या फोनांचे लाल आकडे दिसायचे. अनोळखी नंबर, रोज वेगळा. मुलानं बजावलं होतं, अनोळखी नंबरला उलटा फोन लावू नको, फसवणारे असतात. ते मी बरोबर लक्षात ठेवलं आणि बोटानं आकडे बाजूला सारत राहिले. सुनेनं दोनदा सांगितलेलं मात्र लक्षात राहिलं नाही. यावर मी बराच विचार केला आहे. आठवायचं असतं तर आठवलं असतं. सून पोरीला विसरली, हे मला पटलं होतं, आणि पटल्यावर बरं वाटत होतं. मला शिकवून गेली होती ना, पोरीला मारू नका म्हणून.

पाचव्या दिवशी मी पोरीला घेऊन गिरणीत ज्वारी दळायला गेले. तिथं माझी चुलत जाऊ होती. तिनं पोरीच्या तोंडाकडं बघून विचारलं, "का गं, अशी का सुकली?"

पोरगी म्हणाली, "मम्मीचा फोन न्हाई आला."

मी म्हणाले, "कशाचा येतोय. पोटच्या पोरीपेक्षा तिला उसाचं जास्त पडलंय. आठवण असती तर कुणाचाबी फोन मागून केला असता."

माझ्याच तोंडून निघालं, कुणाचाबी फोन मागून. तरी मला कळलं नाही. गिरणी चालू होती, म्हणून मी मोठ्यानं बोलले. पोरगी पिठाच्या डब्याजवळ उभी होती. घरी येताना तिनं माझं बोट धरलं नाही.

तरी पुढं तीन दिवस ती ओट्यावर बसली. मी आतून म्हणायचे, "ऊठ आता, न्हाई करायची ती." नवव्या दिवशी ती बसलीच नाही. दप्तर टाकलं आणि पोरींबरोबर लंगडी खेळायला गेली. मला वाटलं, चला, लागली खेळाच्या नादाला. त्या दिवशी मी निवांत चहा घेतला.

तिकडं सुनेला काय वाटत असेल ते तिनं मला एका वाक्यात सांगितलं. "रिंग जातीय अन् कुणी उचलंना, तवा मी धरून चालले, तुमी तरी गेल्या न्हाईतर पोरगी." तिला पाठ असलेला नंबर एकच होता, माझा. बाकीचे पाटात गेले. बाराव्या दिवशी तिनं मुकादमाकडून दोन दिवस मागून घेतले. त्यानं नवऱ्याला सोडलं नाही, म्हणून एकटी निघाली. एसटीनं रात्र काढून केजला उतरली आणि तिथून जीपनं आली. आली तर मी ओट्यावर डाळ निवडत होते.

नंबर वाचून झाल्यावर तिनं फोन उघडून आत शोधलं. ते बटण चालू होतं. "हे आपण बंद केलतं."

"मी हात लावला नाही."

"अपडेट मारलं का?"

मी मान हलवली.

"मग त्यानंच झालं. काही काही फोनात अपडेट झालं की मागचं लावलेलं जातं." तिनं बटण बंद केलं आणि अक्षरंही मोठी करून दिली.

मला एकदम हलकं वाटलं. दोष द्यायला कुणीतरी सापडलं होतं. मी लगेच सुरू केलं, हे फोनवाले असले, विचारत नाहीत, पुसत नाहीत. सून ऐकत होती. मग म्हणाली, "पोरगी माझ्याजवळ काहून येईना?"

मी डाळीतला तो खडा उचलला.

"आत्या, तुमी काय सांगितलंय तिला?"

पोरगी चौकटीलाच होती. सुनेनं हात पुढं केला तशी ती आणखी मागं सरकली. मी म्हणाले, "फोन बिघडला होता बाळा, मम्मी करत होती." सून माझ्याकडं बघत राहिली. तेवढ्यानं भागणार नाही हे मलाही कळत होतं. मी ताट बाजूला ठेवलं. "मम्मी विसरली असं मी म्हणले, ते माझ्या मनानं म्हणले. तसं काही नव्हतं."

पोरीनं विचारलं, "मम्मी रोज करत होती?"

"रोज," मी म्हणाले.

"मी खेळायला गेले तवा बी?"

सून म्हणाली, "तवा बी."

पोरगी रडली नाही. घरात गेली आणि दप्तर उघडून बसली. त्या दिवशी ती आईशीही बोलली नाही आणि माझ्याशीही नाही.

दुसऱ्या दिवशी सून तिला घेऊन गेली. शाळेच्या बाईंनी समजावलं, एवढी हुशार पोरगी, वर्ष वाया जाईल. मीही म्हणाले, "फोन आता नीट आहे. राहू दे तिला." सून पोरीचे कपडे पिशवीत भरत होती. ती म्हणाली, "फोन नीट हाय, आत्या." आणि पिशवीला गाठ मारली. मला भांडलेलं चाललं असतं.

जीप गेल्यावर मी चार दिवस सगळ्यांना तेच सांगत होते, फोननं घोळ केला. गिरणीत चुलत जाऊ भेटली. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फोनचं झालं. पण इथं उभं राहून बोलल्या ते काय फोननं सांगितलतं?" दळण घ्यायला आलेल्या दोघीतिघी हसल्या. मी दळण घेऊन घरी आले. त्यानंतर मी फोनला दोष दिलेला नाही.

शिमग्यापर्यंत पोरगी फडात होती. परत आली तेव्हा तिला पाढे म्हणता येईनात, दहापर्यंतचे येत होते तेही गेले होते. ती माझ्याशी बोलते, हाक मारली की येते. मी विंचरायला घेतलं तर डोकं पुढं करते, पण ओढतं असं म्हणत नाही.

मी त्या बारा दिवसांत दोन वेळचं जेवले आणि झोपले. ते दिवस काढले ते एका दुसरीतल्या पोरीनं आणि तिच्या आईनं.