विकतच्या भाकरीचा खटला

मी सलग सात महिने रोज सकाळी सव्वाआठ वाजता गुन्हा करत होते. रविवारी सुट्टी.

गुन्हा म्हणजे विकतची भाकरी. माझ्या माहेरी, चिपळूणला, भाकरी विकत आणली म्हणून कुणी वळूनसुद्धा बघणार नाही. (तिकडे आमसुलं विकत आणली तर मात्र मावशी दोन दिवस बोलत नाही.) पण सोलापुरात, आमच्या गल्लीत, नवी सून आली की पहिला प्रश्न, "भाकरी येती का?" शिक्षण, नोकरी सगळं नंतर! माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी विचारलं आणि मी बेधडक "हो" म्हणून मोकळी झाले.

मग काय! अव्वा बाहेरच्या खोलीत पूजेला बसल्या की मागच्या दारानं भाकरीवाल्या शांताबाई गरम भाकऱ्यांची गुलाबी पिशवी द्यायच्या. भाकऱ्या टोपल्यात, आणि मी परातीसमोर. मूठभर पीठ भुरभुरायचं आणि दहा मिनिटं थापायचं. नुसतंच! थप थप थप! (नवऱ्याला माहीत होतं. तो माफीचा साक्षीदार.) अव्वा भजनी मंडळातल्या बायकांना मुद्दाम त्या वेळी बोलवायच्या. "कोकणातली पोरगी हाय, पण हात ऐका की!"

राहता राहिली पिशवी. शांताबाईंची गुलाबी पिशवी अख्खी गल्ली ओळखते, म्हणून ती मी शेजारच्या राजश्रीच्या कचऱ्याच्या बादलीत टाकायची. माझ्या मते ही फार हुशारी होती.

एका सोमवारी घंटागाडी यायच्या आत कुत्र्यानं ती बादली लवंडली. राजश्रीच्या सासूच्या पायाशी गुलाबी पिशवी, आत भाकरीचा तुकडा! शांताबाईंना विचारलं, तर त्या गिऱ्हाइकाचं नाव सांगेनात. दुपारी भजनी मंडळ आमच्याच घरी जमलं, पण टाळाला कुणी हात लावला नाही.

"मी देवळात गेले की आणतीस व्हय?" राजश्रीची सासू कडाडली. "बार्शीला फोनच लावते. घिऊन जावा म्हणते तुमची लेक!"

"आत्या, देवाशप्पथ, मी न्हाय आणली!" राजश्री रडायला लागली.

"मग पिशवी चालत आली व्हय?" हे आमच्या अव्वा. न्यायाधीश त्याच! "चल, आत्ता थापून दाखव."

एरवी राजश्रीची भाकरी बघत राहावी अशी. पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांतलं पाणी पिठात पडत होतं. तव्यावर टाकताना भाकरीचे दोन तुकडे झाले. "बघा!" सगळ्या बायका एकदम म्हणाल्या. मला माझी इतकी लाज वाटली की चहाचा ट्रे मी तिथंच खाली ठेवला.

"अव्वा, ती पिशवी माझी. सात महिने मीच विकतच्या भाकऱ्या आणतेय."

मंडळातल्या एकीनं डोळ्यांना पदर लावला. "किती मोठं मन गं! शेजारणीसाठी आळ अंगावर घेती!"

"अहो, खरंच मी..."

"गप बस बाई! तुजी भाकरी आमी सोता ऐकलीया की!"

आता काय करावं! तिनं न केलेला गुन्हा सगळ्यांना पटला होता आणि मी केलेला कुणालाच पटेना! शेवटी पदर खोचला आणि पिठात हात घातला. आयुष्यातली पहिली भाकरी! पाणी जास्त झालं म्हणून पीठ, पीठ जास्त झालं म्हणून पाणी, असं करता करता लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढा गोळा झाला. भाकरी परात सोडेना. सोडली तेव्हा अर्धी माझ्या कोपराला चिकटलेली. तव्यावर जे पडलं त्याला चक्क चार कोपरे होते.

"अय्यो शिवा!" एकजण म्हणाली. "ही विकतचीच आणत असणार!"

हुश्श! एकदाचा कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला.

राजश्रीच्या सासूनं फोन बाजूला ठेवला आणि स्वतःच्या पदरानं सुनेचे डोळे पुसले. "चुकलं गं माझं." मी राजश्रीची माफी मागायला गेले, तर ती रडता रडता हसली. "वैनी, मला आधीच सांगायचं की! मीच दिल्या असत्या थापून."

अव्वा मात्र त्या चौकोनाकडे बघत बसल्या होत्या. मला वाटलं, आता चिपळूणला फोन! पण त्यांनी माझा हात हातात घेतला. "सात महिनं नुसती परात बडवली व्हय गं? तेवढ्या कष्टात तर भाकरी आली असती की!" आणि मंडळासमोर शिक्षा सुनावली. "उद्यापासनं विकतची बंद. हिनंच करायची, आन आमी तीच खायची."

याला आता वर्ष होईल. मी रोज थापते. शिक्षा मला झाली, भोगतायत अव्वा आणि माझा नवरा. पण दोघांनी आजवर तक्रारीचा एक शब्द काढलेला नाही. काढणार कधी? माझी एक भाकरी चावून होईपर्यंत नवऱ्याची ऑफिसची वेळ होते, आणि अव्वांची दुपारच्या झोपेची!