पेटीमामाची खुर्ची

चर्चमधली सगळी मंडळी त्याला पेटीमामा म्हणायची, तेही तोंडावर, आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. धंद्यानं तो सुतार. दारं, खिडक्या, कपाटं करून पोट भरायचा. पण मंडळीतलं कुणी वारलं, की हातातलं काम बाजूला ठेवून शवपेटी करायला बसायचा आणि तिचा मोबदला कधी घ्यायचा नाही. तरुणपणी पाळकसाहेबांनी त्याला एकदा सगळ्यांसमोर मोठ्यानं प्रार्थना करायला उभं केलं होतं. "हे प्रभू" इतकं म्हणून गडी जो अडकला तो अडकलाच. शेवटी लोकांनीच दया येऊन "आमेन" म्हटलं. आपली प्रार्थना यापुढे रंध्यानंच व्हायची, हे त्यानं त्याच दिवशी ठरवून टाकलं. पेटीच्या आतल्या कडासुद्धा तो घासून घासून गुळगुळीत करायचा. आता आतल्या माणसाला काय टोचणार होतं? पण नाही, लाकडाचं एक कुसळ राहिलेलं त्याला खपायचं नाही.

या सेवेचा एक तोटा होता. तो टेप घेऊन कुणाच्या घरात शिरला, की घरचे धास्तावायचे. साध्या खिडकीचं माप घ्यायला गेला, तरी घरातले आजोबा काठी आपटत समोर यायचे आणि "मी ठणठणीत आहे हं!" असं बजावून जायचे. पेटीमामा हसायचा. आपल्याच माणसांत हे कधी नडेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं, काम शिकताना बोटांत शिरलेली कुसळं सुईनं काढली. वर्षभरापूर्वी ती पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून लेकीच्या घरी मागच्या खोलीत खाटेवरच होती. पाळकसाहेब महिन्यातून एकदा घरी येऊन तिला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देत. पण तिचं समाधान होईना. "मला सगळ्यांच्यात बसून घ्यायचंय," ती म्हणायची. "इथं एकटीनं घेतलं की औषध घेतल्यासारखं वाटतं."

हे ऐकल्यापासून पेटीमामाच्या डोक्यात खुर्ची घोळू लागली. दोन बाजूंना लांब दांडे, चौघांनी उचलायची, पाय टेकायला फळी, पाठ जराशी कललेली. सरळ ताईला सांगून टाकायचं ना! पण हा पडला तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा. झाल्यावरच दाखवू म्हणाला, आणि एका दुपारी ताई डोळे मिटून पडली असताना हळूच खोलीत शिरला. खाटेशी वाकून टेप लावला. आधी डोक्यापासून टाचेपर्यंत, मग खांदे, मग गुडघ्यापासून टाचेपर्यंत. कानामागची पेन्सिल काढून फळीच्या तुकड्यावर आकडे लिहिले आणि चवड्यांवर चालत बाहेर पडला.

ताई झोपलेली नव्हती.

त्या संध्याकाळपासून तिनं जेवण सोडलं. गोळ्या उशीखाली सरकवू लागली. लेकीला बोलावून म्हणाली, चष्मा शेजारणीला दे, शाल तू घे. लेक रोज हाताला धरून तिला थोडा वेळ उठवून बसवायची, तेही तिनं नको म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. डॉक्टर येऊन तपासून गेले. नवीन काही नाही म्हणाले, पण अशीच उपाशी राहिली तर मग माझ्या हातात काही नाही, असंही म्हणाले. लेक रडकुंडीला आली. पाचव्या दिवशी तिनं आईच्या अगदी हातापाया पडून विचारलं, तेव्हा ताई एवढंच बोलली, "माझ्यापासून कशाला लपवता? तुझा मामा माप घेऊन गेलाय."

भाची धावतच मामाच्या शेडमध्ये गेली. "मामा, तू आईची पेटी करायला घेतलीस?"

त्याच्या हातातली पटाशी खाली पडली. खुर्चीचे पाय आणि बैठक जोडून झाली होती, पाठ अजून लागायची होती. तशीच अर्धवट खुर्ची खांद्यावर टाकून तो भर रस्त्यातून निघाला. खोलीत येऊन त्यानं ती खाटेशेजारी ठेवली, बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

लाकडाचा आवाज ऐकूनही ताईनं तोंड वळवलं नाही. "झाली का रे?" तिनं विचारलं. "कडा नीट घास बाबा. माझी कातडी नाजूक झालीय."

आता मात्र त्याला राहवेना. "ताई, मी गुडघा मोजला गं!" तो जवळजवळ ओरडलाच. "पेटीला गुडघा लागत नाही. पेटीत माणूस सरळ असतो, लांबी आणि खांदे, बास. गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजलं ते तुला बसवायचंय म्हणून. रविवारी चौघं मिळून तुला उचलून नेणार आहोत, पहिल्या बाकापाशी. इकडे बघ ना गं!" इतकं एका दमात तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

ताईनं सावकाश मान वळवली. खुर्चीकडे पाहिलं, हात लांब करून बैठक चाचपली. मग लहानपणी त्याला दरडावायची तो आवाज कुठून तरी परत आला.

"अरे शहाण्या, बसायच्या खुर्चीचं माप आडव्या माणसावरून घेतात होय? डोक्यापासून टाचेपर्यंत टेप लावलास, म्हणून तर मला वाटलं."

"हाताला तीच सवय लागलीय गं," तो खाली मान घालून म्हणाला. "इतकी वर्षं ज्यांची मापं घेतली, त्यांतलं कुणी उठून बसलंच नाही."

मग ताईनं मामामागोमाग आलेल्या लेकीपुढे हात केला. "धर मला. आणि आधी दोन घास काहीतरी दे, नाहीतर चक्कर येईल."

लेकीनं तिला भरवलं, खांद्याखाली हात घालून उठवलं. ताईनं पाय खाटेखाली सोडले, कळ आली तसा ओठ चावला आणि पाठ जमेल तेवढी ताठ केली.

"हं," ती भावाला म्हणाली, "आता घे माप."