मे महिन्यातले मोजे

बाळांचे लोकरीचे मोजे दिसले की मला आजही शिसारी येते. दुकानात टांगलेले असले तरी मी तोंड फिरवते.

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना एका सकाळी तिच्या हातांचे पंजे टम्म फुगले. नुसतं बोट लावलं तरी किंचाळायची. तुमसरला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि म्हणाले, "सिकलसेल वाटते. रक्त तपासावं लागंल."

आमच्या भागात हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. आई आणि बाप, दोघांच्याही रक्तात दोष असला तरच मुलाला हा आजार होतो. म्हणजे माझ्या नवऱ्याच्या रक्तात तो होता, आणि त्याच्या बहिणीच्या रक्तातही असू शकत होता. बहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं.

सासूबाईंच्या हे माझ्याआधी ध्यानात आलं. "डॉक्टरसाहेब, पोरीचं लगन होऊन जाऊ द्या. आता रिपोर्ट आला तर सोयरीक मोडंन."

मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस आता त्यांना झापेल. तो हसला. "ठीक आहे मावशी, लग्नानंतर करू. कोणी विचारलं तर दात येऊन राहिले म्हणा." कागदावरही त्याने तेच लिहिलं. नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. आणि मी, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, मी म्हटलं, "बरं." घरात कटकट नको होती, एवढंच. याहून मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

लग्नाच्या दिवशी पुन्हा सूज आली. पाहुण्यांना दिसू नये म्हणून सासूबाईंनी लोकरीचे मोजे आणले आणि मी माझ्या हातांनी ते तिच्या सुजलेल्या पंजांवर चढवले. भर मे महिना. लग्नाची बुद्धवंदना सुरू झाली आणि ती रडायला लागली, तेव्हा तिला घेऊन मी मागच्या खोलीत जाऊन बसले. डॉक्टरही आले होते. गुलाबजाम दोनदा मागून घेतले.

तपासणी झाली ती पोरगी तापाने फणफणून पांढरीफटक पडल्यावर, भंडाऱ्याला भरती केलं तेव्हा. तोच आजार निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "आधी काहून नाही आणलं?" मुलगी वाचली. रिपोर्ट कपाटात गेला. नणंदेला कळू द्यायचं नाही असं ठरलं, आणि मी तेही पाळलं.

याला दोन वर्षं होत आली. मागच्या महिन्यात नणंद माहेरी आली. मांडीवर नऊ महिन्यांचा मुलगा, बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि त्याच्या हातांवर मोजे चढवलेले.

"हे काहून घातले?" मी विचारलं.

"हात सुजून राहिले त्याचे, वहिनी. सासूबाई म्हणते, दात येऊन राहिले." मग माझ्या मुलीकडे पाहून हसली. "हिलेही असंच झालं होतं ना? झाली ना बरी?"

मी बाळाचे मोजे हळूच काढले. माझ्या सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या. मी उठले, कपाटातून रिपोर्ट काढला आणि नणंदेच्या हातात दिला. तिने तो वाचला. वरची तारीख पुन्हा एकदा पाहिली. मग मी बाळाला घ्यायला हात पुढे केले, तर तिने त्याला छातीशी ओढून घेतलं.