एक रिंग म्हणजे सगळं ठीक

सरकारी नोकरीत फायली साचतात तसे किस्सेही साचतात. फरक इतकाच, की फायली वर पाठवता येतात. किस्से वर पाठवले तर आपल्यालाच वर बोलावतात! म्हणून हे मी आजवर फक्त मित्रांत सांगत आलोय.

२००९च्या सुमाराला मी नांदेडहून बदलून पौडला आलो. सुरक्षेची माहिती सगळ्या खात्यांनी एकमेकांना द्यावी म्हणून तिथे एक समन्वय केंद्र निघालं होतं. दोन खोल्या, प्रमुख पवार मॅडम, पाटबंधारे आणि वनखात्याचा एकेक माणूस, कॉम्प्युटरवर मी आणि फोनवर कंत्राटी सुनंदाताई.

*

केंद्र गोपनीय होतं. "कुठे काम करता ते घरमालकालाही सांगायचं नाही," मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं.

मी आयटी पार्कजवळच्या माण गावात खोली घेतली. मालक नामदेवअण्णा, गावचे पोलीस पाटील. काम काय करता विचारलं, तर मी म्हटलं, "टायपिंग."

"व्हय का? मंग मॅडमला सांगा, अण्णांनी रामराम घातलाय!"

*

घरमालकांनी भाडेकरूंची माहिती आणून द्यावी, असा आम्ही निरोप काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा टेम्पो दारात! मागे त्यांचे भाडेकरू, आयटीतली पोरं, दाटीवाटीनं उभी, गळ्यात आयकार्ड.

"फारम कोन भरत बसंल? मायतीच आनलीया. इचारा त्येन्ला!"

"अंकल, मेरी मीटिंग है!" एक पोरगा रडकुंडीला आला होता. मॅडमनी शांतपणे सगळ्यांना विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, "अण्णा, यांना परत कोण सोडणार?"

"आनायचं काम माजं. सोडायचं सरकारनं बघावं!"

*

आमच्या केंद्राचं काम माहितीची देवाणघेवाण. पण पाटबंधारे आणि वनखातं एकमेकांशी बोलत नसत! एकाला पंखा हवा, दुसऱ्याला नको, त्यावरून बिनसलेलं. टेबलं शेजारी शेजारी, तरी सगळी माहिती सुनंदाताईंमार्फत जायची.

"ताई, वनखात्याला सांगा, धरणाकडे अनोळखी गाडी दिसलीय."

ताई मान वळवायच्या. "ऐकलं का वनखातं?"

"ऐकलं. आमचा माणूस निघाला म्हणावं. आणि पंखा बंद करा म्हणावं."

गाडी कुणाची ते अर्ध्या तासात कळायचं. पंखा मात्र फिरतच राहायचा.

*

अशात मुंबईहून पाहणीला कर्णिक साहेब आले. केंद्राला माणसं किती लागतात ते ठरवायला. एक पद कमी करायचंच, हे ते येतानाच ठरवून आले होते, आणि कंत्राटी म्हणून पहिली कुऱ्हाड सुनंदाताईंवर. आम्हाला याचा भयंकर राग आला होता.

"या केंद्रामुळे किती घटना टळल्या?" साहेबांनी विचारलं.

"टळल्या त्या सांगायला आल्या नाहीत, साहेब," मॅडम म्हणाल्या.

मग साहेब फोनवर घसरले. "दिवसभर फोन वाजतो, पण या बाई उचलत नाहीत! मग पगार कशाचा?"

सुनंदाताईंनी पदर खोचला. "सायेब, उचलायचाच न्हाई तो. गावोगावचं पोलीस पाटील मिस कॉल देत्यात. एक रिंग म्हंजी गावात सगळं ठीक. लागोपाठ दोन म्हंजी काय तरी हाय, मंग मी फिरून लावते. त्यांचा बॅलन्स कशापायी जाळायचा?"

"सरकारी कामात मिस कॉल बसत नाही. फोन वाजला की उचलायचा, हा नियम. हे काम कुणीही एकटा करील. मीच करून दाखवतो!"

मॅडमनी पर्स उचलली. "चला रे सगळे. साहेबांना करून दाखवायचंय. आणि साहेब, ताईंचं पद गेलं तर माझंही नाव त्याच कागदावर लिहा!"

*

ताईंनी आपला मोबाइल नंबर फोनशेजारी लिहून ठेवला आणि आम्ही समोरच्या टपरीवर जाऊन बसलो. पंखा साहेबांच्या ताब्यात गेल्यामुळे पाटबंधारे आणि वनखातं पहिल्यांदाच एका बाकावर बसले होते.

गावांच्या दुपारच्या रिंगांची वेळ झाली. उघड्या खिडकीतून आम्हाला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. फोन वाजला. साहेबांनी झडप घातली. "नमस्कार, समन्वय केंद्र!" पलीकडून कट. पुन्हा वाजला, पुन्हा झडप, पुन्हा कट. लवळे, भुकूम, माण, सगळ्यांचे फोन साहेबांनी उचलले. मग फोन गप्प झाला, तो चांगला तासभर.

साहेब खिडकीत आले, चेहरा फुललेला. "बघा मॅडम! एकटा पुरलो की नाही?"

एवढ्यात पौड रस्त्यावरून गावोगावच्या मोटरसायकली आल्या. त्यांच्यामागे अण्णांचा टेम्पो. हातात काठ्या घेतलेली माणसं धडाधड उतरली आणि अण्णांनी केंद्राच्या दारावर काठी आपटली.

"कोन हाय रं आत? आमच्या हापिसात कवा कुनी फोन उचलत न्हाई! ताई कुटं हाय आमची?"

आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"मॅडम, हे कोण लोक आहेत?" साहेब आतून ओरडले.

मॅडम बाकावरून हलल्याही नाहीत. "केंद्राचीच माणसं आहेत, साहेब! मोजून घ्या!"

पलीकडे दार धडधडत होतं. इकडे सुनंदाताईंच्या हातातला मोबाइल एकदा वाजला आणि थांबला. लगेच पुन्हा एकदा वाजला आणि थांबला. त्यांनी नंबर बघितला. आमच्याच केंद्राचा.

"मॅडम," ताई म्हणाल्या, "फिरून लावू, का च्या संपवू आदी?"